अंबाझरीचा बांध आणि तिकिटाची खिडकी
(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरच्या पश्चिमेस असलेला अंबाझरीचा तलाव पावसाळ्यात भरून सांडव्यावरून वाहू लागला, की ‘ओव्हरफ्लो सुरू झाला’ ही वार्ता एका दिवसात शहरभर पसरते. मग इतवारी-महालातली कुटुंबे, महाविद्यालयांतली मुले, हिंगण्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारे कामगार अशी सारी माणसे बांधाकडे वळतात. भुट्टे भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटतात. लहान मुलांना खांद्यावर घेऊन बाप पाणी दाखवितात. या सहलीला निमंत्रण लागत नाही, वर्गणी लागत नाही आणि पुष्कळ वर्षे तिकीटही लागत नव्हते. शहरातल्या श्रमिकाला वर्षातून एकदा तरी फुकट लाभणारा हा आनंद आहे. कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात सहलीसारखा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल, तर त्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की ज्या जागी माणूस फुरसतीचा वेळ घालवितो, त्या जागेची मालकी कोणाची हा प्रश्न कारखान्याच्या मालकीइतकाच राजकीय आहे. आणि ती जागा पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल, तर तो दुप्पट राजकीय आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. बख्त बुलंद शाह या गोंड राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसविले आणि पुढे गोंड व भोसले या दोन्ही राजवटींत येथे तलाव बांधले गेले. नाग नदीचा उगम अंबाझरीपाशी. येथला मूळ तलाव जुना. 1854 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर इंग्रजी अंमलात, 1870 च्या सुमारास, त्याचा बांध वाढवून शहराच्या पाणीपुरवठ्याची योजना आखण्यात आली. त्या योजनेचा अभियंता अलेक्झांडर बिनी. हाच पुढे लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला आणि थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्या कारकिर्दीत पुरा झाला. नागपुरास असताना त्याने एक चिकाटीचे काम केले. अंबाझरीच्या पाणलोटात पाऊस किती पडतो आणि त्यातला किती भाग वाहून तलावात येतो, याची त्याने मोजदाद ठेवली. पहिले पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते, आणि हंगाम जसजसा पुढे सरकतो तसतसा वाहून येणाऱ्या पाण्याचा वाटा वाढत जातो, हे त्याने आकड्यांनी दाखविले. बिनीची ही कोष्टके आजही जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत असतात. म्हणजे नागपूरच्या काळ्या मातीने साऱ्या देशाच्या अभियंत्यांना एक धडा दिला. तो खुद्द नागपूरने पुढे कसा विसरला, ते ओघाने येईलच.

अंबाझरीचे पाणी मात्र सर्वांना सारखे मिळाले नाही. नळ प्रथम गेले ते अधिकाऱ्यांच्या आणि प्रतिष्ठितांच्या वस्तीत. शहर वाढले, अंबाझरी अपुरी पडू लागली, म्हणून 1911-12 च्या सुमारास वायव्येला गोरेवाड्याचा तलाव बांधण्यात आला. त्यानंतर कन्हान नदी आली आणि शेवटी पेंच. आज नागपूर जे पाणी पिते त्याचा मोठा हिस्सा पेंचवरील तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांतला आहे. गोरेवाडा हा त्या पाण्याचा शहराजवळचा साठा. अंबाझरीचे पाणी पिण्यासाठी घेणे बंद झाले, आणि ते का बंद झाले हे कळल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही.

पिण्याच्या पाण्याच्या तलावावर लोकांना जाऊ द्यावे की नाही, याविषयी सुशिक्षित वर्गात एक ठराविक मत आढळते. लोक गेले की घाण करतात, म्हणून कुंपण घाला, पहारा बसवा, फाटकाला कुलूप लावा. या मतात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तलावात जनावरे धुणे, कपडे आपटणे, मूर्ती विसर्जित करणे, काठावर शौचास बसणे, या गोष्टी पाणी खराब करतातच. मुंबईचा विहार तलाव 1860 साली पुरा झाला, आणि सामान्य नागरिकाला तेथे सहजासहजी प्रवेश नाही. त्यामागे हीच भूमिका आहे.

परंतु अंबाझरीचे पाणी बिघडले ते बांधावर भुट्टा खाणाऱ्याने नव्हे. तलावाच्या वरच्या अंगाला हिंगण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. वाडीची वस्ती फोफावली, आणि तिच्या सांडपाण्याची व्यवस्था वस्तीच्या मानाने वाढली नाही. कारखान्यांचे रासायनिक पाणी आणि घरांचे मैलापाणी नाल्यांवाटे तलावात उतरू लागले. त्या मैल्यावर जलपर्णी माजली, पाण्यातला प्राणवायू घटला, आणि मासे मरून काठाला लागल्याचे दृश्य नागपूरकरांनी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. शुद्धीकरणाच्या केंद्रात काय होते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे. तुरटी घालून गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात, आणि उरलेले जंतू क्लोरीनने मारतात. मातीचा गढूळपणा आणि जंतू यांच्याशी ही पद्धत चांगली झुंज देते. कारखान्यातून आलेल्या जड धातूंपुढे व रसायनांपुढे तिचे फारसे चालत नाही. म्हणजे सहलीला आलेल्या माणसाने केलेला दोष बहुतांशी निस्तरता येतो. कारखान्याने केलेला दोष निस्तरणे दुष्कर, आणि खर्चाचे. तरीही पाटी लागते ती सहलीला येणाऱ्यासाठी: ‘येथे घाण करू नये’. नाल्याच्या मुखाशी अशी पाटी लावल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

ज्या शहरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘नीरी’, 1958 पासून आहे (तेव्हा तिचे नाव निराळे होते, आजचे नाव 1974 चे), त्या शहराच्या जुन्या तलावाची ही स्थिती व्हावी, हा ज्ञानाचा पराभव नव्हे. ज्ञान होते. त्या ज्ञानाच्या मागे उभे राहील असे लोकमत नव्हते, आणि कारखानदारांच्या मागे मात्र सारे होते.

शुद्धतेच्या नावाखाली पाणवठ्यावरून कोणाला दूर ठेवले गेले, याचा महाराष्ट्राएवढा अनुभव क्वचितच कोणाला असेल. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांच्यासह हजारो अस्पृश्यांनी ओंजळीने पाणी घेतले. तळे कायद्याने सर्वांना आधीच खुले झाले होते. महाड नगरपालिकेचा तसा ठराव होता. तरी सवर्णांनी नंतर त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. कशाने केली? शेणाने, गोमूत्राने, पंचगव्याने! ज्या पाण्यात माणसाच्या ओंजळीने विटाळ होतो त्यात जनावराचे मलमूत्र ओतल्याने ते पवित्र होते, असे हे शास्त्र. पुढे दावा चालला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर एका पिढीने डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन 1970 च्या दशकात गावोगाव हिंडावे लागले. कायदा आणि न्यायालय यांनी प्रश्न सुटला असता, तर त्या पायपिटीची गरज पडली नसती.

हीच गोष्ट वर्गाच्या अंगाने पाहायची असेल, तर इंग्लंडकडे पाहावे. मँचेस्टर आणि शेफील्ड या गिरण्या-भट्ट्यांच्या शहरांच्या मध्ये किंडर स्काउट नावाचे पठार आहे. कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत चालावेसे वाटे, पण पठारावर त्यांना मज्जाव होता. सबबी दोन. एक, जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेले पक्षी विचलित होतील. दुसरी, पठारावरचे पाणी शहरांच्या जलाशयांत जाते, माणसे चालली तर ते दूषित होईल. शिकाऱ्यांच्या बुटांनी ते दूषित होत नसे! 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो कामगार किंडर जलाशयाच्या बाजूने वर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. आणि 1949 साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा केला. त्या सत्याग्रहाला सत्याग्रह हे नाव नव्हते, इतकेच.

आता नागपुराकडे परत येऊ, कारण येथे मज्जावाचे रूप बदलले आहे. पूर्वी दारावर जात विचारीत, आता खिडकीवर पैसे विचारतात. तलावाचा काठ हा ‘विकसित’ करावयाचा भूखंड आहे, अशी दृष्टी गेल्या दोन-तीन दशकांत रुजली. फुटाळ्याच्या काठावर प्रेक्षागॅलरी आणि तलावात संगीत कारंजे उभे राहिले, आणि त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गोरेवाड्याच्या जंगलात 26 जानेवारी 2021 रोजी प्राणी-उद्यानाचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी आदिवासी संघटनांनी मागणी केली, की ही भूमी गोंडांची, तेव्हा उद्यानाला गोंडवानाचे नाव द्या. ती मानली गेली नाही. शहर वसविणाऱ्यांच्या वंशजांना आपल्या नावासाठी निदर्शने करावी लागावीत, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

अंबाझरीच्या उद्यानाचे प्रकरण याहून कठोर आहे. 1958 पासूनचे हे उद्यान महानगरपालिकेचे. तेथील मोठी जमीन पर्यटनाच्या विकासासाठी एका खाजगी कंपनीच्या हाती सोपविण्यात आली, आणि 2021 साली, टाळेबंदीच्या काळात, उद्यानातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन जमीनदोस्त झाले. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षेचा महान सोहळा झाला, त्या शहरात लोक घराबाहेर पडू शकत नव्हते त्या दिवसांत ही वास्तू पाडली गेली. त्याविरुद्ध जे धरणे चालले त्यात स्त्रियांचा पुढाकार होता, आणि ते थोड्याथोडक्या दिवसांत उठले नाही. वृत्तपत्रांनी या प्रश्नाला ‘स्मारकाचा वाद’ म्हटले. तो स्मारकाचा होताच. पण सार्वजनिक जमीन सार्वजनिक राहणार की नाही, हाही प्रश्न त्यात होता. आपल्यापैकी पुष्कळांनी हा दुसरा प्रश्न उचलण्यात दिरंगाई केली, हे येथे कबूल केले पाहिजे.

आणि मग 2023 च्या सप्टेंबरातील ती रात्र आली. 22 तारखेची मध्यरात्र उलटल्यावर नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी ओसंडली. जो ‘ओव्हरफ्लो’ पाहायला लोक हौसेने जात, तो अंधारात लोकांच्या घरांत आला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी येथे पाणी शिरले, सीताबर्डीवरचे मोरभवन बसस्थानक बुडाले, लष्कराला पाचारण करावे लागले. चार माणसे दगावली आणि हजारो घरांची हानी झाली. सांडव्याच्या समोर, पाण्याच्या वाटेत, स्मारक उभारल्याने प्रवाहाला अडथळा झाला, असा आक्षेप नागरिकांनी उच्च न्यायालयात घेतला. स्मारक थोर पुरुषाचे होते. पण पाण्याला पुरुषाची थोरवी कळत नाही, त्याला फक्त उतार कळतो.

येथेच बिनीची कोष्टके आठवतात. हंगामाच्या अखेरीस जमीन तृप्त असते, पडेल तेवढे पाणी वाहून येते. हे याच पाणलोटात दीडशे वर्षांपूर्वी मोजले गेले होते. त्यानंतर त्या पाणलोटात सिमेंटचे रस्ते, गोदामे, वसाहती आल्या, म्हणजे जमीन बारा महिने ‘तृप्त’ असल्यासारखी झाली. खाली नाग नदीचे पात्र भिंतींनी आवळले गेले. सांडव्यापाशी मात्र करमणुकीची स्थळे रचली गेली. तलाव पाहण्याची हौस आणि तलाव समजून घेण्याची गरज यांची फारकत झाली, की हे असे घडते.

अंबाझरी पिण्यासाठी नाही, तेव्हा तिचे काही होवो, पेंच आहे ना, असे म्हणणाऱ्यांनी 2019 चा जुलै आठवावा. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाले, पाऊस लांबला, तोतलाडोहाने तळ गाठला आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. चोवीस तास पाणी देण्याची ग्वाही ज्या शहराने दिली, आणि त्यासाठी 1 मार्च 2012 पासून पंचवीस वर्षांच्या कराराने सबंध शहराचा पाणीपुरवठा खाजगी चालकाकडे दिला, त्या शहरात! करार कितीही मोठा असला, तरी त्यात पाऊस पाडण्याचे कलम असू शकत नाही. धरण, नदी, पाणलोट यांची जबाबदारी शेवटी समाजाच्याच माथी राहते. नळाच्या बिलाची वसुली तेवढी दुसरीकडे जाते.

पेंचच्या काठाचीही एक कहाणी आहे, आणि ती नागपूरच्या नळाशी जोडलेली आहे. धरणासाठी आणि राष्ट्रीय उद्यानासाठी जे आदिवासी उठविले गेले, त्यांनी तोतलाडोहाच्या पाण्यात मासेमारीवर पोट चालविण्याचा प्रयत्न केला. मध्य प्रदेश सरकारने 305 कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, त्यास पर्यावरणवाद्यांनी आव्हान दिले, आणि 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने कडक अटींवर ते परवाने मान्य केले. अटी पाहण्यासारख्या आहेत. ठराविक वाटेनेच यावे-जावे, आग पेटवू नये, जाळी बेटांवर वाळवू नयेत. वनाच्या रक्षणासाठी अटी हव्यात, हे मान्य. पण त्याच पेंचच्या पाण्यावर पर्यटकांसाठी नौकाविहार चालतो, तेव्हा एकाची नाव ही विकास आणि दुसऱ्याची नाव हा उपद्रव, असा भेद कोणत्या तत्त्वावर केला जातो, हे विचारण्याचा अधिकार त्या पाण्यावर जगणाऱ्या नागपूरकरालाही आहे. विदर्भातील ढीवर-भोई समाजाने तलावांतून मासे आणि शिंगाडे काढले आणि त्याबरोबर तलावांची राखणही केली. ज्याचे पोट पाण्यावर असते, त्याला पाणी बिघडल्याचे प्रयोगशाळेच्या आधी समजते.

मग कार्यकर्त्याने भूमिका कोणती घ्यावी? ‘सारे खुले करा’ ही घोषणा सोपी आहे, पण ती बेजबाबदार होईल. गोरेवाड्याचे पाणी लोक पितात. तेथे पोहणे, धुणे, विसर्जन, यंत्राची होडी नको, आणि ही बंदी सर्वांना सारखी हवी, मंत्र्यांच्या पाहुण्यांनाही. मूर्तींसाठी कृत्रिम टाक्या करण्याची पद्धत नागपुरात रुजली आहे, ती चांगलीच आहे. तरुण मुले तलावांत बुडून मरतात, म्हणून राखणदार आणि दोर-टायर काठावर हवेत. परंतु बांधावर चालणे, झाडाखाली बसणे, डबा पार्टी करणे, पक्षी पाहणे, यांनी पाणी बिघडत नाही, आणि त्यासाठी गरीब माणसाकडून पैसे घेण्याचे कारण नाही. शौचालय, कचऱ्याची व्यवस्था आणि शहरातून येणारी बस एवढ्या तीन गोष्टी महापालिकेने केल्या, तर लोक घाण करतात ही तक्रार निम्म्याने कमी होईल. निम्म्याने म्हणण्याचे कारण असे, की उरलेली निम्मी घाण सवयीची असते. ती कार्यकर्त्याने झाडू हाती घेऊनच दूर करावी लागते. भाषणाने ती जात नाही. डॉ. लोहियांनी नद्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न राजकीय व्यासपीठावर आणला, तेव्हा पुष्कळांना ते क्षुल्लक वाटले होते.

याहून महत्त्वाची मागणी अशी, की पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष तलावाच्या काठावर फलकावर, मराठीत आणि हिंदीत, दर महिन्यास लावावेत. सहलीला आलेल्या माणसाला कळू द्या, की प्राणवायू किती आहे आणि कोणत्या नाल्यातून काय आले. जो तलाव पाहायला येतो तोच तलावासाठी भांडायला येतो. ज्याने गोरेवाडा कधी पाहिलाच नाही, त्याच्या दृष्टीने पाणी नळातून येते, आणि ते न आल्यास दोष पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा. बिचाऱ्या त्या कर्मचाऱ्याला किती शिव्या खाव्या लागतात! आणि तो बहुधा कंत्राटी असतो.

विदर्भात रोडग्यांची चाल आहे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि आमंत्रण साऱ्या आळीला. पूर्वी हा स्वयंपाक ओढ्याकाठी, तलावाकाठी, देवळाच्या आवारात होत असे. आता पुष्कळ काठांवर विस्तव करण्यास मनाई आहे, आणि कोरड्या दिवसांत जंगलाशेजारी ती योग्यही आहे. पण शहराच्या तलावांजवळ महापालिकेने चुलींसाठी मोकळी, सुरक्षित जागा राखून ठेवावी, ही मागणी हास्यास्पद नाही. खाद्यगृहांच्या ठेक्यासाठी जागा निघते, मग आळीच्या रोडग्यांसाठी का निघू नये? वस्तीतल्या स्त्रियांना वर्षभरात घराबाहेर चार घटका मिळतात त्या बहुधा अशाच निमित्ताने. त्या जेथे मिळतात, ती जागा बंद झाली तर कोणी मोर्चा काढीत नाही. पुढच्या वर्षी त्या घरातच राहतात, इतकेच.

या वर्गाच्या कार्यक्रमात रविवारची सहल योजली आहे. ती केवळ बांधापर्यंत नसावी. सकाळी अंबाझरीच्या सांडव्यापाशी जमून पाण्याची वाट नीट पाहावी, आणि मग तलावाच्या काठाने वरच्या अंगाला, वाडीकडून येणाऱ्या नाल्यापर्यंत चालत जावे. वाटेत कोठे कुंपण लागते, कोठे तिकीट लागते, कोठे पाण्याचा रंग बदलतो, याची टिपणे दोघा-तिघांनी घ्यावीत. काठावर मासेमार भेटले तर त्यांना दोन वर्षांत मासळी किती घटली ते विचारावे, आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. नाल्याच्या पाण्याचे नमुने भरण्यासाठी स्वच्छ काचेच्या बाटल्या आणि चिकटपट्ट्या आणण्याचे काम महाल शाखेकडे आहे. डबे प्रत्येकाने आपापले आणावेत, आणि पत्रावळी परत नेण्यासाठी एक पोते बरोबर असावे.